‘द्या काय ते’ म्हणायचं नाही, दादा

पत्र : ताई, नाव छापू नका. वय ४८, राहणार चिंचवड. २३ वर्षं एकाच कंपनीत टूल डिझाइनला आहे, जिग-फिक्स्चर आणि गेजेस करतो, म्हणजे मशीनवर पार्ट पकडायची आणि त्याचं माप तपासायची साधनं. कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आणलीये, महिनाअखेर फॉर्म द्यायचा आहे. २६ लाख बसतात, ग्रॅच्युइटी वेगळी. मॅनेजर म्हणतात फॉर्म भरा आणि कन्सल्टंट म्हणून इथंच या. मला बाहेरची पण कामं करावीशी वाटतात, पण मी आयुष्यात कधी कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत. हातात ८२ हजार येतात म्हणजे दिवसाचे ३ हजार पडतात, तेवढाच रेट सांगितला तर चालेल का? मुलगी बारावीला, होम लोनचे १४ लाख बाकी, आई ७६ वर्षांची. बायको म्हणते तुमचं तुम्ही ठरवा, आणि गप्प बसते. सकाळी ७ वाजून १० मिनिटांची कंपनीची बस आता येणार नाही या विचारानेच झोप उडालीये.

उत्तर : दादा, व्हीआरएस, लोन, बस या सगळ्यावर बोलूया, पण आधी तुमच्या पत्रातल्या मधल्या त्या एका वाक्यावर, कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत या. कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे, बाकीचे प्रश्न सीएला विचारून चार दिवसांत सुटतील.

माझे वडील ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. कंपनी बंद पडली तेव्हा पन्नाशीला आलेले. मित्राच्या गाळ्यात एक लेथ भाड्याने घेतलं आणि जॉबवर्क सुरू केलं. हात असा की लोक लांबून काम घेऊन यायचे, दुसऱ्याने बिघडवलेला शाफ्ट बाबांकडे यायचा. आणि काम झालं की गिऱ्हाईक विचारायचं, किती झाले काका? बाबा हात पुसत म्हणायचे, द्या काय ते. समोरचा खिशात हात घालून जे निघेल ते द्यायचा, वर चहा पाजायचा, बाबा खूश. चार वर्षं हे चाललं, कामाची रांग कधी तुटली नाही आणि लेथचं भाडं मात्र धड कधी निघालं नाही. शेवटी त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. एवढा मोठा कारागीर गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला मी पाहिलाय. काम नव्हतं म्हणून नाही बसले ते, आकडा बोलता आला नाही म्हणून बसले.

आणि मी तरी काय वेगळं केलं? १७ वर्षांची डॉक्युमेंटेशनची नोकरी सोडून मशीनची मॅन्युअल्स मराठीत करायला लागले तेव्हा पहिलं बिल पाठवायला मला दोन महिने लागले, लिहिलेलं तयार होतं, पण पाठवायला हात धजेना, वाटायचं काय म्हणतील, एवढ्याशा कामाचे एवढे? नोकरीत आपल्याला हे कधी करावंच लागत नाही ना. १ तारखेला पगार जमा होतो, वाढ एचआर नाहीतर युनियन ठरवते, आपण फक्त स्लिप बघतो आणि मनातल्या मनात चडफडतो. २३ वर्षं तुमच्या कामाचा भाव दुसरं कुणीतरी बोलत होतं, त्यामुळे तुम्हाला तो बोलता येत नाही यात तुमचा काही दोष नाही, पण आता शिकावं लागेल. चाळिशीनंतर स्कूटर शिकतात तसं, थोडं पडतझडत.

आता तो ३ हजारांचा हिशोब. ८२ हजार भागिले २६, बरोबर केलाय तुम्ही, फक्त चुकीच्या गोष्टीचा केलाय. ते ८२ हजार हातात पडतात त्याच्या मागे कंपनी तुमच्या पीएफमध्ये तिचा हिस्सा भरते, ग्रॅच्युइटी साठत असते, मेडिक्लेम असतो, दिवाळीचा बोनस, बस, कँटीन, भरपगारी रजा, आणि तुम्ही ज्या सॉफ्टवेअरवर काम करता त्याचं लायसन्स, ते चालणारा कॉम्प्युटर, त्या खोलीतला एसी. हे सगळं उद्यापासून तुमच्या खिशातून जाणार. आणि २६ दिवस काय, तेवढे दिवस कुणीच तुम्हाला पैसे देणार नाहीये. वर्षाचे ३६५, त्यातून ५२ रविवार गेले, सणवार १५, आजारपण-लग्नकार्य-आईचं हॉस्पिटल यांचे १२ धरा, उरले २८६. त्यातले जवळजवळ निम्मे कोटेशन करण्यात, चाकणला मशीन बघून येण्यात, पेमेंटचे फोन करण्यात आणि चक्क रिकामे जातात. म्हणजे ज्या दिवसांचं बिल लावता येईल असे १५० पकडा. तुम्हाला घर आणि धंद्याचा खर्च धरून वर्षाला १४ लाख यायला हवे असतील तर दिवसाचे झाले ९ हजार ३३३. तीन नाही, नऊ!

मला माहितीये हा आकडा वाचून तुम्ही म्हणाल, ताई, भोसरीत कोण देतं एवढे. तिथले बरेच टूलमेकर तर डिझाइन फुकट देतात, फिक्स्चर आमच्याकडे बनवा म्हणतात. खरंय. म्हणूनच दिवसाचा रेट कुणाला सांगायचाच नाही, तो आपल्या वहीत ठेवायचा. गिऱ्हाईकाला कामाचा आकडा सांगायचा. चार दिवसांचं फिक्स्चर असेल तर अमुक रुपये, त्यात दोन रिव्हिजन धरल्यात, तिसरीपासून वेगळे पैसे, ट्रायलला एकदा येईन, हे कोटेशन १५ दिवस चालेल. बस्स. बाजार ६ हजारालाच थांबला तर थांबू दे, एखादं काम ओळख व्हावी म्हणून ६ ने करालसुद्धा, पण आपण तीन हजार सोडतोय हे माहीत असून कराल. बाबांना ते कधी कळलंच नाही, आपण किती सोडतोय ते.

फुकट डिझाइन देणाऱ्याशी तुमची स्पर्धाच नाहीये असं मला वाटतं. तो आधी बनवायचं काम मिळावं म्हणून चित्र काढतो. तुम्हाला २३ वर्षांत हे कळलंय की क्लॅम्पिंग कुठे घेतलं की पार्ट वाकतो, ऑपरेटरचा हात कुठे पोचत नाही, चिप्स म्हणजे धातूचा कीस कुठे साठतो आणि तिसऱ्या शिफ्टला रिजेक्शन का वाढतं. चार-पाच व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) टाकून बसलेल्या तळवड्याच्या, भोसरीच्या छोट्या मालकाला पूर्णवेळ डिझायनर परवडत नाही आणि रिजेक्शनही परवडत नाही. तो तुमचा माणूस. त्याच्याकडे जाऊन मी डिझाइन करतो असं सांगू नका, तुमचा कुठला पार्ट रिजेक्ट होतोय तो दाखवा म्हणा.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून ठेवा. आज जे व्हेंडर तुम्हाला साहेब साहेब करतात, दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन येतात, त्यातले अर्धे कार्ड बदललं की फोन उचलणार नाहीत. वाईट वाटेल, मला फार वाटलं होतं. ते नातं त्या खुर्चीशी होतं. पण अगदी अनपेक्षित माणूस, एखादा जुना ऑपरेटर ज्याने आता स्वतःचा गाळा टाकलाय, तो पहिलं काम देतो. तुमच्या हाताखालून गेलेल्या पोरांची आठवण करून बघा, कुठे कुठे आहेत ती.

आता मॅनेजरसाहेबांची ऑफर. ‘कन्सल्टंट म्हणून इथंच या’, म्हणजे तेच टेबल, तीच वेळ, तोच बॉस, फक्त पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिक्लेम नाही आणि उद्यापासून येऊ नका म्हणायला एक फोन पुरे. तोंडी असेल तर तिला ऑफर समजूच नका. लेखी मागा, काम काय, किती महिने, किती पैसे, किती दिवसांत पेमेंट. शिवाय व्हीआरएसच्या रकमेतल्या ५ लाखांपर्यंत टॅक्स माफ होतो ना, त्या सवलतीच्या नियमांत अटी आहेत, रिकामी झालेली जागा भरायची नाही, आणि त्याच मॅनेजमेंटच्या दुसऱ्या कंपनीत तुम्ही नोकरी धरायची नाही. तेव्हा फॉर्मवर सही करायच्या आधी ही कन्सल्टंटची गोष्ट सीएच्या कानावर घालाच. मिळालंच काम तर जरूर घ्या, सहा महिने जीवाला आधार होतो, पण आठवड्याचे तीनच दिवस द्या. बाकीचे तीन बाहेर हिंडायला हवेत. नाहीतर वर्षभराने ते बंद होईल आणि तुम्ही ४९ व्या वर्षी परत पहिल्या पायरीवर, यावेळी व्हीआरएसशिवाय.

फॉर्म भरू की नको? तुम्ही थेट विचारलेलं नाही, तरी स्पष्ट सांगते, मी तुमच्या जागी असते तर भरला असता. कंपनी जेव्हा स्वतःहून पैसे देऊन माणसं कमी करते तेव्हा राहिलेल्यांचे दिवसही फारसे सुखाचे जात नाहीत, आणि तुमच्या हातात बाहेर विकता येईल असं कसब आहे, ते सगळ्यांच्या हातात नसतं. पण २६ लाख हा आकडा डोक्यातून काढा. ५ लाख सोडून उरलेल्यावर त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून टॅक्स लागतो, हातात किती राहतात ते आधी कागदावर काढून घ्या आणि मग स्वप्नं बघा.

ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचा बेसिक-डीए ४८ हजारांच्या आसपास असेल असं धरलं तर साधारण ६ लाख ३७ हजार होतात, आणि ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत टॅक्स नाही. ही सगळीच्या सगळी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तिला घरखर्च असं नाव द्या. ईएमआय धरून महिना ५०-५५ हजारांत भागत असेल तर बरोबर एक वर्ष निघतं. पहिल्या वर्षी १५० काय, ८० दिवस भरले तरी खूप झालं, तेव्हा हे वर्ष आपल्याला विकत घ्यायचंय. मग मुलीच्या ॲडमिशनचे पैसे बाजूला काढा. त्यानंतर जे उरेल त्यातून लोन थोडं कमी करा. सगळं लोन एकदम फेडून मोकळं व्हावंसं वाटेल, आपल्या पिढीला कर्ज म्हणजे गळ्याला फास वाटतो, पण सगळी रोकड बँकेला देऊन टाकली आणि सहा महिने काम नाही मिळालं तर तुम्ही पडेल त्या भावात काम घ्याल. खात्यात पैसे असले की नाही म्हणता येतं. पीएफला हात लावायचा नाही, लेकीच्या लग्नाचा विषय निघाला तरी नाही.

आईच्या मेडिक्लेमचं आजच बघा. ग्रुप पॉलिसीत आई असतील तर तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर त्यांचंही कव्हर जातं. नोकरीत असतानाच एचआरला विचारा की त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत कसं जाता येईल, तशी सोय असते, पण वेळेत अर्ज करावा लागतो. आणि ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय, आईंचं आधार घेऊन ते कार्ड काढून टाका. तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल त्या यादीत आहे तेही बघून ठेवा, ऐनवेळी पळापळ नको.

टॅक्सला घाबरू नका, पगारदारापेक्षा तुमचं सोपंच होईल. इंजिनिअरिंग, टेक्निकल कन्सल्टन्सी अशा व्यवसायांना एक सोय आहे, ४४ एडीए या नावाने ती सगळ्या सीएंना माहीत आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम नफा धरून त्यावर टॅक्स भरायचा, खर्चाच्या पावत्यांचे ढीग सांभाळायला नकोत. १४ लाखांवर नफा धरला ७ लाख, आणि २०२५ च्या बजेटनंतर टॅक्सच्या न्यू रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, म्हणजे टॅक्स शून्य. मात्र व्हीआरएस ज्या वर्षी हातात येईल त्या वर्षी हे गणित वेगळं. ॲडव्हान्स टॅक्स लागलाच तर या सोयीत १५ मार्चला एकदाच भरायचा असतो. सेवा देणाऱ्याला आपल्याकडे २० लाखांपर्यंत जीएसटी नंबर सक्तीचा नाही, पण मोठ्या कंपन्या मागतात, तेव्हा ठरवा. गिऱ्हाईक टीडीएस कापेल, कुणी १० टक्के, कुणी टेक्निकल सर्व्हिस म्हणून २ टक्के, तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते दर तिमाहीला बघत जा. कापतात आणि भरत नाहीत असेही महाभाग आहेत.

आता परत पैसे मागण्यावर, कारण आकडा सांगणं हे अर्धंच झालं, वसूल करणं बाकी राहतं. नोकरी सुटल्यावर पहिल्या आठवड्यात उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी करा, ऑनलाइन आहे, सरकारी साइटवर एक रुपया लागत नाही, पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा. त्याचा उपयोग काय? छोट्या-मध्यम उद्योगांचा, म्हणजे एमएसएमईचा, २००६ चा कायदा आहे, त्याप्रमाणे तुमच्यासारख्या छोट्या सेवा देणाऱ्याचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. वर इन्कम टॅक्समध्ये २०२४ पासून अशी तरतूद लागू झालीये की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या गिऱ्हाईकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. म्हणून मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करायला लागलेत! बिलावर उद्यम नंबर ठळक टाका आणि खाली एक ओळ, पेमेंट अमुक तारखेपर्यंत. तारीख लिहा, ‘लवकरात लवकर’ लिहू नका, तो ‘द्या काय ते’चाच भाऊ आहे.

माझं एक बिल एका कंपनीने आठ महिने अडकवलं होतं. मी पहिले पाच महिने फोनच केला नाही, संबंध बिघडतील म्हणून. शेवटी केला तर अकाउंट्समधली मुलगी म्हणाली, मॅडम पीओ, म्हणजे आमच्या लेखी ऑर्डरचा नंबरच नाहीये तुमच्या बिलावर, कळवायचं राहून गेलं. कळवणं त्यांचं काम होतं, पण पैसे माझे होते आणि मीच पाच महिने विचारलं नाही. तेव्हापासून पीओ आल्याशिवाय कामाला हात लावत नाही, आणि मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला फोन. भांडत नाही, नुसतं विचारते. तुमच्या कामात तर आणखी सोपं आहे, ४० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के कन्सेप्ट ॲप्रूव्ह झाल्यावर, उरलेले फायनल ड्रॉइंग देताना. ॲप्रूव्हलला पीडीएफ पाठवा, मूळ थ्रीडी फाइल पैसे जमा झाल्यावर.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगते, रागावू नका. कंपनीतली ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडायचं नाही, तुम्ही स्वतः काढलेली असली तरी नाही. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर मालकाचा असतो, आणि या लाइनमध्ये नाव एकदा गेलं की गेलं. दुसरं, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नाही. सगळे वापरतात हे मला माहितीये, पण नोटिसा येतात आणि त्यातले आकडे झोप उडवणारे असतात. मोठ्या पॅकेजचं लायसन्स काही लाखांत जातं, तेव्हा सुरुवातीला वर्षभराच्या सबस्क्रिप्शनवर मिळेल ते स्वस्तातलं घ्या, गिऱ्हाईक कुठल्या फॉरमॅटमध्ये फाइल मागतं ते आधी विचारा, आणि तो खर्च तुमच्या त्या नऊ हजारांत धरलेला आहेच.

बायकोबद्दल. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय, त्याचा अर्थ मला भीती वाटते आणि मला कुणी आकडे सांगितलेले नाहीत असा होता. त्यांच्यासमोर वही उघडा. व्हीआरएसचे टॅक्स जाऊन किती, घरखर्चाच्या खात्यात किती, कुठल्या महिन्यापर्यंत पुरतील, आणि त्या महिन्यापर्यंत जमलं नाही तर मी परत नोकरी बघेन, ही तारीखही त्यांच्याच हाताने लिहून घ्या. मी दीड वर्षाची तारीख घातली असती. आई २३ वर्षं कंपनीचं नाव सांगत आल्यात, त्यांना शेजारणीला सांगायला काहीतरी लागेल, घराच्या दाराला छोटी पाटी लावा तुमच्या नावाची. खरंच लावा.

आणि ती बस. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय पण मला वाटतं सगळ्यात जास्त तेच टोचतंय. पहिल्या सोमवारी ७ वाजून १० मिनिटांनी तुम्ही उठून तयार असाल आणि जायला जागा नसेल. मग शेजारी विचारतील आज सुट्टी का, घरातले म्हणतील घरीच आहात तर जरा सिलेंडरवाला येईल बघा, बँकेत जाऊन या, आणि संध्याकाळी हिशोब केला तर दीड तास काम झालेलं असेल. एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यातलं टेबल भाड्याने मिळालं तर घ्या, मशीनचा आवाज कानावर असला की तुमच्यासारख्या माणसाला बरं वाटतं, आणि तिथंच कामंही मिळतात. नाही मिळालं तर घरातल्या एका खोलीचं दार ८ ते १२ बंद. डबा मात्र भरून घ्या, घरात बसून खायचा असला तरी. बसमधल्या मित्रांना महिन्यातून एकदा चहाला बोलवा, त्यांच्याशिवाय तुम्हाला करमणार नाहीये.

महिनाअखेरीला अजून वेळ आहे. येत्या रविवारी एक करा. तुम्ही आजवर केलेल्यातलं एखादं अवघड फिक्स्चर आठवा, ते आज बाहेरच्या गिऱ्हाईकाने मागितलंय असं समजा आणि त्याचं कोटेशन लिहा, दिवस, रिव्हिजन, ॲडव्हान्स, पेमेंटची तारीख सगळं. मग बायकोला समोर बसवून खालचा आकडा मोठ्याने वाचा. आवाज खाली गेला तर परत वाचा. आणि तो कागद मला पाठवा, आकडा खोडून कमी न करता.